मेंडल मिस्त्रीची अर्धी गोष्ट

मेंडल मिस्त्री चांगला माणूस होता, असं मी म्हणणार नाही. आर्वीतही कुणी म्हणत नसे. पण आर्वी सोडून मला एवढी वर्षं झाली, आणि तिथला दुसरा कोणताच माणूस माझ्या डोळ्यांपुढे इतका स्वच्छ उभा राहत नाही.

मी पन्नास साली आर्वीच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून रुजू झालो. एका जिनाच्या मागे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यामागे, एक चाळ होती. तिथे मला खोली मिळाली. शेजारच्या खोलीत मेंडल. तो त्या जिनात फिटर होता. पोलंडातल्या कुठल्याशा गावचा यहुदी. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी यंत्रांच्या एका कंपनीबरोबर मुंबईला आला, कंपनीने त्याला यंत्र बसवायला आर्वीला धाडलं, आणि तेवढ्यात त्याचा परतीचा रस्ता बंद झाला. गावात कुणी त्याला जर्मन समजे, कुणी पाद्री. पन्नाशीचा असेल. उंच, खांद्यात वाकलेला, उन्हाने विटकरी झालेला. डोक्यावर बाराही महिने एक काळी टोपी. चहा पेल्यात ओतायचा आणि गुळाचा खडा दातांत धरून त्यावरून तो प्यायचा. शनिवारी, त्याच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, चूलसुद्धा पेटवत नसे. शुक्रवारी रांधलेलं गार खायचा आणि रविवारी, सगळं जिन बंद असताना, एकटा जाऊन यंत्रांना तेल घालायचा.

मराठी तो जिनातल्या बायांकडून शिकलेला. त्यामुळे बोलायचा अस्सल वऱ्हाडी, पण बरेचसे शब्द पुल्लिंगी. ‘गोष्ट’सुद्धा. ‘तो गोष्ट आला’, ‘तो गोष्ट गेला’ असं तो म्हणे, तेव्हा दारात कुणी पुरुष येऊन उभा राहिल्यासारखं वाटे.

जीभ भारी कडू. आमचे हेडमास्तर एकदा मोठ्या आदराने त्याला बोलवायला आले. स्नेहसंमेलनात त्याने आपल्या देशाची माहिती सांगावी, मुलांच्या ज्ञानात भर पडेल, असं काहीसं म्हणाले. मेंडल हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, ‘‘माझा गाव दाखवाचा असन तं पोराईले मसनात घेऊन जा. तसाच दिसते आता.’’ हेडमास्तर चहा न घेता गेले.

असा हा माणूस दुपारच्या सुट्टीत जिनाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसून गोष्टी सांगायचा. कापूस वाहणाऱ्या बाया, हमाल, गाडीवान भाकरी खात ऐकायचे. गोष्टी त्याच्या गावाकडच्या. त्यांत एक गुरू असायचा, त्याला तो ‘रेबे’ म्हणे. त्या रेबेच्या भक्तांना म्हणायचे हसिद. मेंडलचा बाप सुतार होता आणि हसिद होता. सणावारी तीन दिवस बर्फातून चालत रेबेच्या गावाला जायचा, पोराला खांद्यावर घेऊन.

‘‘एवढं चालत जाऊन करायचे काय?’’ मी एकदा विचारलं.

‘‘गोष्ट आयकाचे. शनवारी दिवस बुडाच्या टायमाले रेबे बोले. दोनशे मानूस उभा. रेबे काय सांगे? कोनाचा घोडा हरपला, कोनाच्या सुनंनं शेजारनीचा कोंबडा चोरला. पोथीतला काईच नाई. आनि दोनशे मानसातला एकच मानूस रडे. बाकीचे हासत.’’

‘‘म्हणजे गोष्ट त्या एकासाठी?’’

‘‘त्याच्यासाठीच. पन तो कोन, हे रेबे कधी बोलत नाई. नाव घेतला तं तो भाषण झाला. मंग तो मानूस घरी जाऊन जे कराचं ते करे. प्रार्थना सरळ देवाकडे जाते, मास्तर. गोष्ट मानसाकडे जाते, त्याच्या हातात काम देते. ते काम देवाकडे जाते.’’

माझी आई महानुभाव पंथातली. देवाच्या लीळा आठवणं हीच साधना, असं मी घरात लहानपणापासून ऐकत आलो होतो. देव कुठे बसला, काय जेवला, कुणाला काय बोलला, ते जसंच्या तसं सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर आई पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. हे मी मेंडलला सांगितलं. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘तुही माय आयकनाऱ्याले पाहून सांगे का देवाले पाहून?’’

त्याच्या गोष्टी अर्ध्यावर थांबत. ऐन मोक्याला तो उठायचा, विजारीची धूळ झटकायचा आणि म्हणायचा, ‘‘पुढचा तुह्यापाशी.’’ बाया चिडायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायच्या. कधीकधी पाच-सहा दिवसांनी कळे, की अमक्या हमालाने भावाशी धरलेला अबोला सोडला, किंवा तमकी घर सोडून आलेली सून परत गेली. मेंडलला ते सांगितलं तर तो कान खाजवी आणि निघून जाई.

मला त्या गोष्टींचा मोह पडला. मी त्या वहीत उतरवू लागलो आणि त्यातली एक नागपूरच्या एका मासिकात पाठवली. छापून आली. शेवट नव्हता म्हणून मी घातला होता, चांगला गोड. अंक घेऊन मी अभिमानाने त्याच्या खोलीत गेलो. त्याने मला ती मोठ्याने वाचायला लावली. वाचून झाल्यावर म्हणाला, ‘‘एक पारधी होता. त्याले एका पाखराचं गानं लय आवडे. त्यानं ते पाखरू पकडलं, आनि गानं कोठून येते ते पाहासाठी एकेक पीस उपटलं. मंग ती सगळी पिसं, लहान-मोठी लावून, एका पेटीत ठेवली आनि राजाले देली. राजा म्हनला, वा, काय मांडनी.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय. राजा खूश झाला.’’

ही एकच गोष्ट त्याने मला शेवटपर्यंत सांगितली. मी त्यानंतर वही बंद केली. त्याने माझ्याशी तीन महिने बोलणं टाकलं, आणि मग एका सकाळी काही झालंच नसल्यासारखा गूळ मागायला आला.

आता चौपन्नच्या हंगामाचं सांगतो.

जिनात सखू नावाची बाई होती. बावीस-तेवीस वर्षांची, नवरा नसलेली, एक मुलगी पदरात. ती यंत्रात कापूस लोटायच्या कामावर होती. त्या यंत्राच्या रुळांपुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. हंगाम जोरात होता, आवाराबाहेर गाड्यांची रांग लागली होती. जाळी असली की कापूस अडतो. दौलत मुकादमाने चार यंत्रांच्या जाळ्या काढून ठेवायला सांगितल्या. चौथ्या दिवशी सखूचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. यंत्र थांबवलं ते मेंडलने. पट्टा तोडून टाकला. मी शाळेत होतो. घरी आलो तेव्हा तो नळाखाली हात धुवत होता आणि बराच वेळ धूतच राहिला.

महिन्याभराने चौकशीसाठी नागपूरहून कारखाने तपासणारा इन्स्पेक्टर आला. तोवर जाळ्या पुन्हा बसल्या होत्या. दौलत मुकादमाने पोथीवर हात ठेवून बयाण दिलं, की जाळी जागेवर होती, बाईनेच मनाई असताना हात घातला. हमालांनी होकाराच्या माना डोलावल्या. सखू काही बोलायला लागली तेव्हा साहेब म्हणाला, झालं तुझं, बस. प्रकरण मिटलं. तिला कामावरूनही काढलं, कारण एका हाताने ते काम होत नाही.

दौलत मुकादम राक्षस नव्हता, हे सांगायला पाहिजे. चाळिशीचा, झुपकेदार मिशांचा, बोलायला मऊ माणूस. दर मंगळवारी मारुतीला तेल वाहायचा. त्याची बायको अंजनाबाई माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायला यायची. मालकाने जाळ्यांबद्दल त्याला काय सांगितलं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

इन्स्पेक्टर गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मेंडल माझ्या खोलीत आला. उभ्या उभ्या म्हणाला, ‘‘मास्तर, देवाच्या पोथीवर हात ठेवून खोटं बोलते, त्याले तुमी काय म्हनता?’’

‘‘खोटी शपथ.’’

‘‘तो कागदावरचा शब्द झाला. दौलत घरी बायकोपाशी काय म्हनन?’’

मी विचार करून म्हणालो, ‘‘आण घेतली म्हणेल. खोटी आण.’’

‘‘आण,’’ तो दोनदा म्हणाला. मग विचारलं, की लहान पोराला जवळ घ्यायचं असेल तर बाप काय म्हणतो, जेवताना घास हातातून पडला तर काय म्हणतात. मी एकेक शब्द दिला. कशासाठी, ते मला समजलं नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

त्या दुपारी त्याने कडुनिंबाखाली गोष्ट सुरू केली. दौलत मुकादम नेहमीसारखा जवळच बाजेवर सुपारी कातरत बसला होता.

रेबेच्या गावात लाकडं कापायची गिरणी होती. तिथे एका बाईचा हात गेला. गिरणीच्या कारभाऱ्याला रेबेपुढे आणलं. कारभाऱ्याने पोथीवर हात ठेवून आण घेतली, की माझी चूक नाही. रेबे म्हणाला, ठीक, जा. कारभारी घरी आला, जेवायला बसला, तर त्याचा हात तोंडापर्यंत पोचेना. घास ताटात पडला. बायकोने भरवलं. लेकरू धावत आलं, ये रे बाबा म्हणून त्याने हात पुढे केला, तर तो लेकराच्या डोक्याला लागेना. हात दिसे, पण कशालाही लागेना. तो रेबेकडे धावला. म्हणाला, माझा हात पोथीवर राहून गेला, तो द्या. रेबे म्हणाला, इथं नाही. ती बाई सकाळी येऊन घेऊन गेली. तिला एक कमी होता. मग कारभारी त्या बाईच्या घराकडे निघाला.

‘‘पुढचा तुह्यापाशी,’’ म्हणून मेंडल उठला.

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी बाया भाकरी सोडून बसल्या तर मेंडलने तीच गोष्ट सांगितली. शब्दाला शब्द. तिसऱ्या दिवशी तीच. दौलत मुकादम बाज उचलून लांब गेला, तर मेंडलने आवाज वाढवला. आठवड्याने लोक गोष्ट पाठ म्हणू लागले. दौलत आवारात शिरला की पोरी घास खाली पाडायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. गाडीवान बैलाला म्हणायचे, ‘‘ये रे बाबा, हात लागत नाई.’’ दौलत मालकाकडे गेला. मालक म्हणाला, हंगामात फिटर कुठून आणू, गोष्टीच तर सांगून राह्यला.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी दौलत माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. ‘‘मास्तर, त्याले सांगा ना. तुमचं आयकते तो.’’

‘‘मुकादम, तुम्ही सखूकडे एकदा जाऊन या,’’ मी म्हणालो.

‘‘जाऊन काय सांगू? सांगतलं का नौकरी गेली. मंग माह्या पोराईनं काय खावं?’’ तो उंबऱ्यावर बसला. ‘‘काल खरंच घास पडला हातातून. बायकोनं पाह्यलं. रडाले लागली.’’

मी मेंडलला हे सांगितलं. तो आनंदला, असं मला तेव्हा दिसलं. ‘‘निघाला,’’ तो म्हणाला. ‘‘घरून निघाला मानूस. आता रस्त्यात आहे.’’

एकविसाव्या दिवशी सकाळी दौलत मुकादमाचं प्रेत गावाबाहेरच्या विहिरीत सापडलं. सखूच्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवरची ती विहीर. तो तिच्याकडे जायला निघाला होता की विहिरीकडेच, हे कुणाला कधीच कळलं नाही.

त्या दुपारी मेंडल कडुनिंबाखाली आला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. तो पेला घेऊन एकटा बसला. मी मधल्या सुट्टीत मुद्दाम गेलो होतो. ‘‘मिस्त्री,’’ मी म्हणालो, ‘‘तुमच्या रेबेच्या गोष्टीने कुणी मेलं होतं का कधी?’’

त्याने पेला मातीत टेकवला. ‘‘नाई,’’ म्हणाला. ‘‘पन गोष्ट मी बराबर सांगतला. एक शब्द चुकला नाई.’’

त्यानंतर तो गोष्टी सांगेनासा झाला. जिनात त्याच्याशी कामापुरतं बोलत. चाळीतल्या बायकांनी पोरांना त्याच्या दारावरून जायची बंदी केली. त्यानेही कुणाकडे काही मागितलं नाही.

त्याचं एक काम मात्र माझ्याकडे राहिलं होतं. परदेशी माणूस म्हणून त्याला दर वर्षी पोलीस ठाण्यात एक अर्ज द्यावा लागे. तो मी लिहून द्यायचो. त्यात कुटुंबाची माहिती असे. तो सांगे: बायको खाया, मुलगी रिवका, मुलगी पेसा. आणि वयं. पहिल्या वर्षी त्याने थोरलीचं वय सतरा सांगितलं, पुढच्या वर्षी अठरा, मग एकोणीस. त्यांच्या गावात कुणी उरलं नाही, असं पत्र त्याला शेहेचाळीस सालीच आलं होतं. हे मला ठाण्यातल्या हवालदाराने सांगितलं, हसत हसत. मी पुढेही वय एकाने वाढवून लिहीत गेलो. अर्जावर सही करताना मात्र मेंडलची नजर हवालदाराजवळच्या मंजुरीच्या शिक्क्यावर असायची. कागद नामंजूर झाला तर त्याला देशाबाहेर काढतील, आणि काढून पाठवायला त्याला देश नव्हता. या एका गोष्टीला तो भीत असे.

छप्पनच्या दसऱ्याला सखू वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेली आणि बुद्धाची दीक्षा घेऊन आली. महिन्याभराने ती चाळीत आली. पांढरं लुगडं, उजवा हात पदराखाली. मी तिला दोन वर्षांनी पाहत होतो. मुलीला शाळेत घालायचं म्हणून ती माझ्याकडे आली होती. काम झाल्यावर ती शेजारच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. मेंडल बाहेर आला.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘माह्यासाठी तुमी ते गोष्ट सांगतली म्हनते लोक. एकवीस दिवस.’’

मेंडलने चौकटीला हात टेकला.

‘‘जाळी कोनं काढली होती?’’

‘‘मुकादमानं काढाले लावली.’’

‘‘लावली. काढली कोनं? पाना कोनाच्या हातात होता?’’

मी हे तोवर मनात आणलं नव्हतं. जिनात फिटर एकच होता.

‘‘साहेब आला तं तुमी तेथंच उभे होते,’’ सखू शांतपणे बोलत होती. ‘‘मी तुमच्याकडे पाहून राह्यली होती. म्हटलं, हा मानूस बोलन. काऊन नाई बोलले?’’

‘‘माझा कागद,’’ मेंडल म्हणाला. पुढे त्याला शब्द सापडेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नेहमी त्याला शब्द द्यायचो. या वेळी दिला नाही.

‘‘साहेबापुढं एक शब्द बोलले असते तं दौलत जिता राह्यला असता. त्याची नौकरी गेली असती, बस. तुमी गोष्टीत बोलले.’’ तिने डाव्या हाताने पदर सारखा केला. ‘‘मले आता काई नाई पाहिजे. आमी ते देवबिव सोडले, राग बी सोडाचा म्हनते. सोडीन हळूहळू. पन माह्या नावानं गोष्टी नका सांगजो.’’

ती गेल्यावर मेंडल तसाच दारात उभा होता. संध्याकाळी मी डोकावलं तर तो अंधार करून बसला होता. म्हणाला, ‘‘तो गोष्ट माझा होता, मास्तर. दोनशे मानसातला तो एक मानूस मीच होतो. आनि मी दौलतकडे पाहून सांगतला.’’

त्याच शुक्रवारी तो अंगावर धुतलेले कपडे घालून अंजनाबाईकडे, दौलतच्या विधवेकडे गेला. मालकाने तिला जिनाच्या फाटकाजवळची एक खोली राहायला दिली होती. तिने त्याला हाकललं नाही. अंगणात बसू दिलं आणि सगळं सांगितलं. दौलतने शेवटचे आठ दिवस जेवण कसं टाकलं, त्या पहाटे तो कोणतं धोतर नेसून गेला, गळ टाकून त्याला वर काढलं तेव्हा मिशांत शेवाळ कसं अडकलं होतं, धाकटा पोरगा कसा म्हणत होता की बाबा ओले आहेत, पुसा. मेंडल मान खाली घालून ऐकत राहिला. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा गेला, आणि तिने पुन्हा तेच सांगितलं. मग ते चालूच राहिलं. लोक म्हणत, बाईने चांगली शिक्षा काढली. पण मी पाहत होतो. शुक्रवारी तिथून परतताना मेंडलचे खांदे किंचित सरळ झालेले असत. घरी येऊन तो जेवत असे.

सत्तावन्न साली माझी देवळीला बदली झाली. दोन वर्षांनी एका लग्नासाठी आर्वीला आलो. तो नेमका शुक्रवार होता. दिवस कलताना मी जिनाकडे गेलो. फाटकाजवळच्या अंगणात अंजनाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दहा हातांवर, मातीत, मेंडल बसला होता. टोपीखालचे केस पूर्ण पांढरे. तो तिच्याकडे पाहत होता. ती पाहत नव्हती.

मी नमस्कार केला. तिने मला पाट दिला, घरची चौकशी केली, चहा ठेवू का विचारलं. मेंडल तिथे नाहीच अशा रीतीने सगळं चाललं होतं. थोड्या वेळाने तो घसा खाकरून म्हणाला, ‘‘बाई, सांग ना. त्या सकाळचा.’’

तिने शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

मी हळूच विचारलं, ‘‘वहिनी, तुम्ही सांगत होता ना त्यांना?’’

‘‘सांगत होती. दोन वर्स सांगतलं.’’ ती खालच्या आवाजात बोलत नव्हती. त्याला ऐकू जाईल असंच बोलत होती. ‘‘मंग एक दिवस पाह्यलं, हा इथून उठून जाते तं त्याले बरं वाटते. सांगून सांगून मीच त्याले मोकळं करून राह्यली होती, मास्तर. म्हनून आता नाई सांगत.’’

‘‘किती दिवस झाले?’’

‘‘संक्रांतीपासून. येते, बसते, जाते.’’

मेंडल आणखी थोडा वेळ बसला. दिवस बुडाला तेव्हा तो हात टेकून उठला. माझ्याजवळून जाताना थांबला नाही. अंजनाबाईने सूप उचललं, दाणे पाखडले, आणि फोलपटं त्याच्या मागे अंगणात उडाली.